तोंडापर्यंत

बाटलीतले तीन तुकडे – दोन तांदळाच्या कणीएवढे, एक मुगाएवढा – आणि एवढ्याशा हाडाच्या कणांनी दोन वर्षे उजवे कोपर अडवून धरले होते, हे पिलाजीरावांना अजून खरे वाटत नव्हते. गोरव्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षे हातोडा आणि कानस चालवली. सांधा झिजला, कडेने हाड वाढत गेले... कारेलीबागेतल्या गुजराती डॉक्टरांनी बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून वाढलेले हाड तासले, हे कण बाहेर काढले. "बस काका, महिनाभरात जाते जमशो," म्हणाले – आपल्या हाताने जेवाल.

महिना उद्या भरणार होता.

सकाळी बायको, वसुंधरा, पूजेला बसली असताना व्यायाम म्हणून त्यांनी कोपर वाकवले आणि बोटे ओठांना लागली. पुन्हा वाकवले. पुन्हा लागली. हाक मारायला तोंड उघडले, आणि मारली नाही... का नाही मारली?

दोन वर्षांपूर्वी त्यांनी डाव्या हाताने भात कालवला तेव्हा ती उसळली होती – "डाव्या हाताने? माझ्यादेखत नाही चालायचं!" – आणि ताट ओढून समोर बसली. लग्नात तिने एक घास भरवला होता, बायकांनी फारच चिडवले म्हणून, मान खाली घालून. त्यानंतर अडतीस वर्षे मी आधी जेवलो, ती नंतर. कामापलीकडे बोललो तरी किती? मला बोलता येत नाही. ही दोन वर्षे मात्र ती दिवसातून दोनदा समोर बसत होती.

दुपारी ताट आले.

"चालो जमवा, साहेब! चला जेवायला, आ करा. की त्यालाही डॉक्टर बोलावू?" मग म्हणाली, "बघू, कितपत वाकतोय हात?"

हनुवटीच्या चार बोटे खाली त्यांनी हात थांबवला. "एवढाच."

"मेला तो डॉक्टर! महिना म्हणत होता."

तिने जमिनीवर टेकलेला गुडघा बदलला, आणि घास धरलेले मनगट दुसऱ्या हाताने खालून तोलले. हे ती कधीपासून करते आहे? दोन वर्षे मी तिचा चेहराच पाहत होतो...

"काय झालं? घ्या ना, अहो."

खरे सांगायला एक वाक्य पुरे होते. त्यांनी ते मनात जुळवले, मोडले, पुन्हा जुळवले – तोवर घास तोंडात आला. तोंडात घास असताना बोलायचे नसते; तेवढी सवड मिळाली, आणि ती संपू नये म्हणून ते फार हळू चावत राहिले.