चार वाजताची मम्मी

माझा मुलगा भार्गव आणि सून अनुश्री मस्कतला कामाला गेले, आणि चार वर्षांची देवश्री माझ्याजवळ राहिली. रोज चारला अनुश्रीचा फोन यायचा; पोरीशी ती हिंदीतच बोलायची. मग दोघांना दूर वाळवंटात कुठेतरी पाठवलं. तिथे नेटवर्क नाही. पोरीने अन्नच टाकलं.

मला राग आला. सुनेचा, मस्कतचा, माझाही. माझे यजमान गेल्यापासून त्यांचा जुना फोन कपाटात पडून होता. त्याचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये अनुश्रीच्या फोटोसकट टाकला. चार वाजता मोबाइल पोरीच्या हातात दिला, मागच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि जुन्या फोनवरून सुनेसारखा बारीक आवाज काढून हिंदीत बोलले. हयात इथल्या हिंदी बोलणाऱ्या पुरानी बस्तीत गेली, तरी हिंदी बोलताना मला घाम फुटतो. पण पोरगी त्या दिवशी दोन पोळ्या जेवली. मग ते रोजचंच झालं.

मागच्या आठवड्यात माझा घसा बसला. तीन दिवस फोन केलाच नाही. चौथ्या दिवशी देवश्री खुशाल सांगू लागली, की मम्मी रोज बोलते, आज कोणता फ्रॉक घालायचा तेही तिनेच सांगितलं. लेकरं काहीही बोलतात, अशी मी मनाची समजूत घातली. तरी भीती वाटली ती वाटलीच. मी जुन्या फोनची बॅटरी काढून टाकली.

काल कुठेतरी नेटवर्क मिळून खऱ्या अनुश्रीचा फोन आला. चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज. देवश्रीने क्षणभर ऐकलं आणि फोन माझ्याकडे सरकवला.

"ये मम्मी नहीं है. मम्मी तो 'काहून' बोलती है."

मी गार पडले. दोन महिने जिभेला एवढं जपलं, तरी 'क्यों'च्या जागी माझा तो शब्द निसटतच राहिला होता. पलीकडे अनुश्री रडत होती.

"आई, तिले सांगा ना. मीच आहो तिची मम्मी."

सांगायचंच होतं. पोरगी माझ्यावर रुसली तरी चालेल, पण आईची लेक आईला मिळावी, असं अगदी मनापासून वाटलं. मी तिला मांडीवर घेतलं, बोलायला तोंड उघडलं, आणि निघाला तो बारीक आवाज. खाकरले. पाणी प्यायले. पुन्हा तोच. माझा आवाज काही केल्या येईना.

देवश्रीने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि ती हसली.

"मम्मी, तू आ गई? आजी कहाँ गई?"