उन्हातल्या दोन प्लेटा

मुरमटोला गावच्या मोहाच्या झाडाखाली गाडी लावली, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ज्योत्स्नाबाईंनी गाडीतला फ्रिज उघडला, तर आतला दिवा लागला नाही. त्यांनी आपल्या इन्सुलिनचा डबा हातात घेतला. डबा कोमट होता. तीस वर्षं नर्सचं काम केलेल्या बाईला त्याचा अर्थ कुणी सांगायला नको होता. मे महिना होता, आदल्या दुपारी पारा चव्वेचाळीसवर गेला होता. चारही कुप्या त्यांनी वेगळ्या काढल्या आणि गाडी सुरू करून गडचिरोलीचा रस्ता धरला.

गाडी हेच त्यांचं घर. सगळी नोकरी फिरत्या दवाखान्याबरोबर धानोरा-एटापल्लीकडची गावं हिंडण्यात गेली आणि लग्न राहूनच गेलं. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा त्या चंद्रपूरला धाकट्या भावाकडे, बापूरावकडे दोन महिने राहिल्या. कुणी वाईट वागलं नाही. पण न्हाणीघरात आपला नंबर केव्हा लागेल, हॉलमधला टीव्ही बंद झाल्यावर अंथरूण टाकू का, हे रोज अंदाजाने ओळखत राहणं त्यांना जमेना. शेवटी सिंदेवाहीच्या एका शाळेची जुनी तेरा सीटची गाडी घेतली. सीटा काढून दिवाण बसवला, छोटा ओटा केला, फ्रिज-पंख्यासाठी बॅटरी आणि छतावर एक सोलर प्लेट लावली. गाडी चालवायला दवाखान्याच्या ड्रायव्हरने, इसरूभाऊने, त्यांना केव्हाच शिकवलं होतं. जी गावं ओळखीची होती, तिथेच त्या आता चार-आठ दिवस मुक्काम करत.

गडचिरोलीत नव्या कुप्या आणि बर्फाचा डबा घेऊन त्या तशाच चंद्रपूरला गेल्या. मूल रोडवर कुलदीप नावाच्या माणसाचं सोलरचं दुकान होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कागद पुढे ओढला.

"किती माणसं राह्यते गाडीत?"

"एक."

"नाई, म्हंजे घरचे सगळे मिळून..."

"एकच. मी."

त्याने लिहून घेतलं. फ्रिज. पंखा. दोन दिवे. मोबाईल.

"टीव्ही? मिक्सर?"

"एकटीले कायले पाहिजे मिक्सर?"

"बस, इतकंच?"

"इतकंच."

कुलदीप बेरीज करत होता आणि ज्योत्स्नाबाई कागदाकडे पाहत होत्या. त्यांचा अख्खा दिवस चार ओळींत मावला होता. आणखी काही तरी सांगावं असं त्यांना वाटलं, पण आठवेना.

"दिवसाचे साठ अँपिअर-तास लागते तुमाले," कुलदीप म्हणाला. "छतावरची शंभर वॅटची प्लेट कडक उन्हात तीसेक देते. वरून तुमी गाडी लावता झाडाखाली. बॅटरी बसनारच ना बाई."

"उन्हात लावली तर मी भाजून निघन."

"मंग छतावर एकशे सत्तरच्या दोन लावू. एकदा ठोकल्या का पाहाले नको."

"झाडाखाली त्याबी सावलीतच येईन ना?"

कुलदीप जरासा हसला. "येईन. सावलीचा पट्टा जरी पडला तरी अर्धा करंट जाते."

कोपऱ्यात घडीच्या दोन प्लेटा उभ्या होत्या, मागे टेकू लावलेल्या. बाईंनी त्यांच्याकडे बोट केलं.

"त्या चालन. गाडी सावलीत, प्लेटा उन्हात. पन दर दोन-तीन घंट्यानं फिरवा लागते, वारा-पानी आलं का उचला लागते, ढोरा-वानरापासून राखा लागते. खरं सांगू? त्याले दोन माणसं पाहिजे."

बाईंनी एक प्लेट उचलून पाहिली. जमण्यासारखी होती. "ह्याच द्या," त्या म्हणाल्या. कुलदीपने मग दहा मीटर जाड तार काढून दिली, बारीक तारेत रस्त्यातच करंट मरतो म्हणाला, आणि बॅटरी किती भरली ते दाखवणारा नवा मीटर बसवून दिला.

संध्याकाळी त्या बापूरावकडे चहाला गेल्या. गाडीकडे पाहत तो म्हणाला, "ताई, काऊन एवढा खटाटोप? इथी भिंतीले प्लग हाये."

"हो रे," त्या म्हणाल्या. मग चहाचा कप खाली ठेवून उठल्या.

त्या मुरमटोल्याला परतल्या, तेव्हा तिथे तेंदूपत्त्याचा, म्हणजे बिडीच्या पानांचा, हंगाम जोरात होता. बायका पहाटे जंगलात जात, दहा-अकराला परतून झाडाखाली पुडे बांधत बसत. ज्योत्स्नाबाईंच्या समोरच्या झाडाखाली सोमारी नावाची म्हातारी बसायची. बाई सकाळी प्लेटा पूर्वेला मांडत, साडेदहाला फिरवत, एकला पुन्हा फिरवत, साडेतीनला पश्चिमेकडे करत. सोमारी पानं जुळवता जुळवता पाहायची. बोलणं फारसं होत नसे. तरी प्लेटा फिरवायला उतरताना बाई केस नीट करू लागल्या होत्या.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी इंजेक्शन घेतलं आणि उकाड्याने जेवण नको वाटलं, म्हणून भाकर तशीच झाकून ठेवली. जरा पडू, म्हणून आडव्या झाल्या. जाग आली तेव्हा अंग घामाने निथळत होतं, हात थरथरत होते. रक्तातली साखर उतरली हे त्यांना कळत होतं. साखरेचा डबा चार हातांवर होता, पण उठणं होत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग दारावर थापा पडल्या आणि सोमारी आत आली.

"साखर," बाई कशाबशा म्हणाल्या.

सोमारीने डबे उघडून पाहिले, साखर सापडली तशी पेल्यात कालवली आणि बाईंचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाजली. अर्ध्या तासाने बाईंची नजर ठरली.

"तुले कसं कळलं?"

"दुपार झाली, तं तुह्या प्लेटा सकायकडंच तोंड करून होत्या," सोमारी म्हणाली. "म्हटलं, बाई अशी करत नाई."

बाईंनी भाकर खाल्ली, तोवर ती गाडीच्या पायरीवर बसून राहिली. मग पानं वाळतात म्हणून उठली. जाता जाता तिने प्लेटा ओढून फिरवल्या, पण जरा जास्तच, पार तिरप्या. ती पुड्यांशी जाऊन बसली तरी बाईंनी त्या सरळ केल्या नाहीत.

नंतर त्यांनी बापूरावचा नंबर काढला. आता बरी आहे, एवढंच सांगायचं होतं. पण त्याआधी काय झालं तेही सांगावं लागलं असतं, मग त्याने ये म्हटलं असतं. त्यांनी फोन ठेवून दिला.

चार दिवसांनी हंगाम संपला आणि समोरचं झाड रिकामं झालं. बाई तरीही वेळच्या वेळी प्लेटा फिरवत राहिल्या. बॅटरी दोन वाजताच भरायची, फ्रिज गार असायचा. दोन-तीन दिवसांनी त्या सोमारीच्या घराकडे गेल्या. दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "लेकीच्या गावाले गेली. पानी पडल्यावर येईन."

ज्योत्स्नाबाई थोडा वेळ अंगणात उभ्या राहिल्या. मग परत येऊन त्यांनी तार गुंडाळली, प्लेटांवरची धूळ पुसून घडी केली आणि गाडी एटापल्लीच्या रस्त्याला लावली.