अर्ध्या गल्लीचं पिठलं

एप्रिलच्या पहिल्या रविवारी दुपारी दोन वाजता आमच्या गल्लीच्या डांबरात नऊ चपला रुतलेल्या होत्या. सहा डाव्या, तीन उजव्या; जोडी एकही नाही. शिवाय सायकलच्या घंटीचं एक झाकण, बाटल्यांची दोन बुचं आणि शेळीच्या खुरांचे ठसे. ठसे मोजायला पुढे गेलो, तेव्हा माझीच चप्पल रुतली. म्हणजे दहा.

हा रस्ता माझ्या मामांनी, वीरभद्रप्पांनी, केलेला. मामा रस्त्यांचे छोटे कंत्राटदार, आणि राहायलाही याच गल्लीत. त्यामुळे ज्याची चप्पल अडके तो ती तशीच सोडून मामांच्या ओट्यावर येई आणि म्हणे, "शेठ, तुमच्या रस्त्यानं ठेवून घेतली बघा."

मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो, रसायनशास्त्र घेऊन. जूनपासून मी अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, डाळीच्या आडतीवर बसावं असं घरात ठरलं होतं. डाळीबद्दल माझ्या मनात आकस नव्हता. पण कॉलेजच्या वाचनालयात एका परदेशी मासिकात मी वाचलं होतं, की जुन्या टायरचं रबर डांबरात शिजवलं तर ते डांबर उन्हात लवकर पाघळत नाही. एवढं वाचलेला माणूस हरभऱ्याचे भाव कसे सांगणार?

"मामा, पाघळणार नाही असं डांबर मी करून देतो," मी म्हणालो.

मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. खाली एका पायात चप्पल नव्हती.

"गुरू, अर्धी गल्ली घे," ते म्हणाले. "डावीकडची, आपल्या घराकडची. उजवीकडं मी नेहमीचं टाकतो. बसव जयंतीची मिरवणूक हितनंच जाते. त्या दिवशी तुझ्या बाजूला एक जरी चप्पल रुतली, तर दुसऱ्या दिवशी आडतीवर बसायचं. मग रडायचं न्हाई बे."

"आणि नाही रुतली तर?"

"तर तुझ्या अप्पांशी मी बोलतो. माझ्याकडं कामाला राहा."

मला ही अट अतिशय शास्त्रीय वाटली. एकाच गल्लीत दोन बाजू, एकच ऊन, तीच माणसं. मामांनी कॉलेजात जायला हवं होतं, असंही मनात आलं.

गावाबाहेर हैदराबादच्या रस्त्यावर जुन्या टायरांवर नवं रबर चढवून देणारी दुकानं होती. तिथं टायर खरवडताना पडणारा काळा भुगा पोत्यानं मिळाला. तो मी मामींच्या रव्याच्या चाळणीनं चाळला. दानम्मामामी त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

शंभर भाग डांबराला पाच भाग भुगा, एकशे ऐंशी अंश, एक तास. भुगा फुगला, डांबर दाटलं, वर बुडबुडे फुटू लागले आणि असा वास सुटला की पलीकडच्या गल्लीतले लोक मिल पेटली का ते बघायला आले.

मामांच्या बिरदेव मुकादमानं पिंपात दांडा फिरवला. "सायेब, पिठलं झालं की. फोडणी कदी घालायची?"

"ढवळत राहा."

"व्हय. गुठळी न्हाय झाली पायजे, न्हायतर पावनं नावं ठेवत्यात."

ते डावीकडं पसरलं, उजवीकडं मामांनी नेहमीचं टाकलं, आणि तेव्हापासून माझ्या बाजूला पिठलं हेच नाव पडलं.

बसव जयंती त्या वर्षी मेच्या मध्यावर आली. नऊला निघायची मिरवणूक बैलांची शिंगं रंगवता रंगवता बाराला निघाली. सावलीत बेचाळीस अंश होते. इतर गल्ल्यांत लोकांनी रस्त्यावर पाणी मारलं होतं. आमच्या गल्लीत मी कुणाला बादली उचलू दिली नव्हती. ओला रस्ता थंड होतो, मग चपला उजवीकडंही रुतणार नाहीत आणि तुलना बिघडेल, हे मी घरोघर जाऊन समजावलं होतं.

मिरवणूक वळली. पुढे बैल, उजवीकडं पुरुष, डावीकडं डोक्यावर कळस घेतलेल्या बायका. दोन-अडीचशे माणसं. एकाच्याही पायात चप्पल नव्हती.

या मिरवणुकीत अनवाणी चालतात. मी बावीस वर्षांचा होतो. पहिली दोन वर्षं कडेवर आणि पुढची वीस अनवाणी, मी स्वतः त्या मिरवणुकीत होतो.

"हितं पाणी कुणी मारलं न्हाई बे?" पुरुषांच्या रांगेतून कुणीतरी विचारलं. माणसं टाचांवर आणि चवड्यांवर चालू लागली. मी ओट्याच्या खांबाआड झालो.

तिथं उभा असताना सुचलं. मिरवणूक पन्हं प्यायला मामांच्या ओट्याशी थांबते. चपला नसल्या तरी तळवे होते.

ओट्यावर टेकलेल्या पहिल्या म्हाताऱ्या गृहस्थांपुढं मी उकिडवा बसलो आणि त्यांचा पाय हळूच उचलून तळवा पाहिला. काळा. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "छलो आगली, तम्मा," ते कानडीत म्हणाले. भलं होवो, बाळा. मी पुढच्या पायांकडं सरकलो. तिथंही आशीर्वाद मिळाला.

"बी.एस्सी. झालाय, पण वाकणं विसरला न्हाई," शेजारच्या चंद्रव्वा आजी म्हणाल्या आणि दोन्ही पाय आपणहून पुढं केले. बायकांच्या बाजूला मी वयस्कर बायकांपाशीच थांबलो. तरुण मुलींचे तळवे तपासायला शास्त्राची हरकत नव्हती, गल्लीची असती.

शेवटी मामांकडं आलो. ते उजवीकडून बैलाची दोरी धरून आले होते, आणि मामी रॉकेलच्या बोळ्यानं त्यांचे तळवे घासत होत्या.

"मामा, चपलाच नव्हत्या," मी म्हणालो.

"दिसलं की. अट घालताना मी पण येडाच होतो." मामांनी पाय आखडला. "हळू गं. गुरू, तू पाया पडत न्हवतास, तळवे बघत होतास न्हवं?"

"हो."

"मग आकडा सांग. तुझ्या बाजूला दहातल्या एकीच्या तळव्याला लागलं तर चालेल. त्याहून जास्त निघाल्या तर उद्या आडत."

मामींचा हात थांबला. मी आकडा सांगितला.

उजवी बाजू: पाहिलेले पुरुष एकतीस, तळव्याला डांबर अठ्ठावीस जणांच्या. डावी बाजू: पाहिलेल्या बायका वीस, तळव्याला डांबर दोघींच्या.