मेव्हिसचं पातेलं

ऑस्ट्रेलियातलं कूबर पेडी गाव मागे टाकल्यावर तासाभराने रस्त्याच्या दोन्ही बाजू संपल्या. रस्ता मात्र तसाच पुढे चालू राहिला. गाडी कुमुद चालवत होती. आमच्या संसारात ते तसंच आहे, बायको चालवते आणि मी नकाशा बघून चुकीचं सांगतो. आमची लेक ऋता अ‍ॅलिस स्प्रिंग्जला असते. तिचे दिवस भरले होते. मागच्या सीटवर डिंकाच्या लाडवांचा डबा पट्टा लावून बसवला होता.

दुपारी पत्र्याची चार घरं आणि पाण्याची एक टाकी लागली. तिथे गाडी आपणहून थांबली. पहिल्या घरातून पांढऱ्या केसांची एक बाई बाहेर आली. तिने मेव्हिस असं नाव सांगितलं आणि पातेलंभर पाणी आमच्या हातात दिलं.

"भांडं घरी परत आलं की गाडी चालू होते," ती म्हणाली. "घाई नाही."

आम्हाला घाई होती. मी घटाघट पाणी प्यायलो आणि पातेलं द्यायला निघालो, तर कुमुदने ते हातातून काढून घेतलं.

"रिकामं भांडं परत देतात का कुणी?"

तिने त्यात चार लाडू ठेवले. गाडीपासून दारापर्यंत बारा पावलं होती. मेव्हिसने एक लाडू उभ्याउभ्याच खाल्ला आणि पातेलं आत नेऊन भरून आणलं. रिकाम्या हाताने पाहुणा पाठवायची तिच्याकडेही पद्धत नव्हती. या खेपेला पातेल्यात सावली होती, कडुलिंबाखाली असते तशी गार. आम्ही ती अंगावर घेऊन जरा टेकलो. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

कुमुदने पुन्हा लाडू भरले. आता दारापर्यंत चाळीस पावलं झाली होती. पातेल्यातून दुपारची झोप आली, मग थोडा वारा आला, आणि दर खेपेला अंगण लांबत गेलं. शेवटी कुमुद दाराशी पोचली की मुंगीएवढी दिसायची.

"तुम्ही दोघी अशाच भरत बसा," मी म्हणालो. "तोवर नातवंड शाळेत जाईल."

ती शेवटचे दोन लाडू घेऊन गेली, तेव्हा फोन वाजला. त्याला रेंज नव्हती.

"बाबा, मुलगी झाली," ऋता म्हणाली. "पण रडत नाहीये. नुसती बघते सगळ्यांकडे. सूर्य मावळेपर्यंत थांबता येईल, डॉक्टर म्हणतात. पुढचं कुणी बोलत नाही. या ना लवकर."

तेवढ्यात कुमुद पळत आली. पातेल्यात रडणं होतं. नवं, ओलं, मुठीएवढं. आम्ही दोघांनी ते लगेच ओळखलं. ऋता जन्मली तेव्हा अशीच रडली होती, आधी बारीक हुंदका, मग आभाळ डोक्यावर. मी फोनचं सांगितलं. कुमुदने ते रडणं लाडवांच्या डब्यात ओतलं आणि झाकण घट्ट दाबलं.

पातेलं पुन्हा रिकामं झालं.

"या वेळी तसंच दे," मी म्हणालो. "पाया पडतो तुझ्या."

"नातीचं रडणं ज्यातून घेतलं ते भांडं रिकामं देऊ? पहिल्याच दिवशी?"

मी त्यात घड्याळ टाकलं, चष्मा टाकला, नकाशा टाकला. तळ तसाच रिकामा दिसत राहिला.

"विकतचं नाही, आपल्या घरचं लागतं," कुमुद म्हणाली. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि पटकन मान फिरवली. पस्तीस वर्षांत तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मला भीती वाटली. तिच्यावर फार माया आली, तीही तेव्हाच.

"मला कुठे गाडी येते?" मी म्हणालो.

"अहो, नको."

सूर्य वीतभर खाली आला होता. मी पातेलं वाळूत नीट टेकवलं, चपला काढल्या आणि शुभ म्हणून उजवा पाय आधी आत टाकला. पातेलं काठोकाठ भरलं. कुमुदने डोळे पुसले, ते दोन्ही हातांनी उचललं आणि सांडू नये म्हणून अगदी हळूहळू चालायला लागली.