नाकसाहेब आणि तिसरा ग्लास

माझे व्याही चहाच्या कंपनीत टेस्टर होते. चमचाभर चहा सुर्रकन ओढायचा, तोंडात फिरवायचा, शेजारच्या पिकदाणीत थुंकायचा आणि तो कोणत्या मळ्यातला आहे हे सांगायचं, हे त्यांचं काम. कंपनीत त्यांना नाकसाहेब म्हणत. निवृत्त झाल्यावर खुर्ची आणि मोटार कंपनीतच राहिली, नाव मात्र त्यांच्याबरोबर घरी आलं. खरबूज आणलं, भिंतीला नवा रंग दिला, दूध दोन दिवसांचं झालं, काहीही असलं तरी आधी नाकसाहेबांपुढे जायचं.

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. मला कोणी टोपणनाव ठेवलं नाही.

एका रविवारी दुपारी ते एकटेच माझ्याकडे आले. माझ्या मुलीच्या लग्नानंतर असं कधी झालं नव्हतं. येताना नेहमी विहीणबाई बरोबर असत आणि बोलायचं काम त्या करत. ते खुर्चीत बसले. दवाखान्यात बसलेला माणूस भिंतीवरच्या तक्त्यांकडे बघतो तसं थोडा वेळ माझ्या पुस्तकांकडे बघितलं. मग पिशवीतून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"व्याही, तुम्ही घेता का?"

"मी त्याबद्दल वाचलंय," मी म्हणालो.

हे खरं होतं. एका कोशाचा 'म' ते 'व' हा खंड मीच तपासला होता आणि व्हिस्की त्यात आली होती. बाटलीवरून कळत होतं की ही कॅनडाची राय. राय हे गव्हाच्या भाऊबंदांपैकी एक धान्य, जरा रांगडं. त्या देशात व्हिस्कीला सरसकट रायच म्हणतात, मग आत बराचसा मका का असेना. एवढं मी त्यांना सांगितलं आणि शेवटी "माझं चुकत असेल" असं म्हणालो.

"म्हणजे नावाला राय आणि आत मका."

"कधीकधी. काहींमध्ये खरंच नुसती राय असते."

"हं," ते म्हणाले. "वास घ्या."

मी दोन ग्लास आणले. त्यांनी ओतली. मी नाक नेलं आणि बाजूला केलं.

"काय येतंय?"

"तुमच्यापुढे मी काय सांगणार? तुम्हीच सांगा."

"व्याही," ते म्हणाले, "मला काही येत नाही."

या रस्त्यावर बस येत नाही, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. हिवाळ्यात ताप येऊन गेला, त्याबरोबर वास गेला. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. घरात कोणाला माहीत नव्हतं.

"विहीणबाईंनाही?"

"तिला तर नाहीच. व्याही, घरात आता मला कोण काय विचारतं? टीव्ही कोणता लावायचा तेसुद्धा नाही. एक वास तेवढा विचारतात. तोही गेला म्हटल्यावर मी उरलो कशाला? आठवड्यातून एकदा भंगार द्यायला?"

माझ्या जावयाचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं, त्यांच्या घराखालीच छोटं हॉटेल आहे. बारच्या मागच्या फळीवर एका नव्या बाटलीची जागा होती आणि तिथे राय ठेवायची असं त्याच्या मनात होतं. विक्रेत्याने तीन नमुने दिले होते. पुढच्या रविवारी आप्पांनी, म्हणजे नाकसाहेबांनी, वास घेऊन, चव बघून एक निवडायची, असं ठरलं होतं. आप्पा 'नको' म्हणू शकत नव्हते. आजवर त्यांनी कशालाच 'नको' म्हटलं नव्हतं.

"मग मी काय करू?"

"तुम्ही माझं नाक व्हा."

मला आयुष्यात कोणी काही व्हायला सांगितलं नव्हतं. मी ग्लास पुन्हा उचलला.

"साबणाचा वास येतोय," मी म्हणालो.

"तो तुमच्या ग्लासाचा. पुढे?"

"बुचाचा थोडा. आणि टेबलाला कालचं तेल…"

"व्याही, चुका नका काढू. त्यात काय आहे ते सांगा."

हे अवघड होतं. नोकरीभर मी हजारो पानं वाचली, पण त्यांत बरं काय आहे हे मला कोणी विचारलं नव्हतं. बरं असेल ते सोडून पुढे जायचं, हेच कामाचं सूत्र. मी ग्लास धुतला, पुसला, पुन्हा ओतून घेतली. डोळे मिटले. आधी नाकाला झिणझिण्या आल्या. मग एक वास आला. तो इतका ओळखीचा होता की मी डोळे उघडून खिशाला हात लावला.

"काय?"

"काही नाही. माझं चुकत असेल."

"चुकू द्या."

"पेन्सिल. नवी पेन्सिल तासली की जो येतो तो."

मला लाज वाटली. कोशात मिरी होती, लवंग होती, काळ्या ब्रेडचा उल्लेख होता. पेन्सिल नव्हती, हेही मी सांगून टाकलं. नाकसाहेबांनी मात्र मान डोलावली.

"लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षं पडून असते ना? मग पेन्सिल येणारच. आणखी?"

"लवंग. पण ती मी वाचलेली असल्यामुळे येत असेल."

"आता ओढा."

त्यांनी चमचा भरला आणि खास कंपनीच्या पद्धतीने ओढला. त्या आवाजाने खिडकीतली चिमणी उडाली. मग माझ्या धुण्याच्या बादलीत अचूक थुंकले. मीही ओढला. पुढचा काही वेळ मी खोकत होतो आणि ते माझी पाठ थोपटत होते.

"पहिल्यांदा सगळ्यांना होतं."

"तुम्हालाही झालं होतं?"

"मला चहाने झालं होतं," ते म्हणाले.

योजना त्यांनीच आखली. खुणा नकोत, चिठ्ठ्या नकोत. मी अडाण्यासारखं आधी बोलायचं आणि त्यांनी जाणत्यासारखं मान्य करायचं. "तसेही तुम्ही प्रत्येक वाक्याला 'चूक असेल' जोडता. ते जोडत राहा. मी 'बरोबर' म्हणेन. कोणाला शंका यायची नाही."

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली होती. तीन ग्लास, प्रत्येकावर बशी झाकलेली, समोर एक, दोन, तीन असे कागद. कोणत्या ग्लासात कोणती, हे आप्पांना कळू नये म्हणून नमुने आत स्वयंपाकघरात ओतले होते. टेबलाखाली पिकदाणी म्हणून कुंडी ठेवली होती. तिच्यातलं झाड कुठे गेलं ते मी विचारलं नाही. जावई हात मागे बांधून उभा होता. माझी मुलगी त्याच्याशेजारी. विहीणबाई स्वयंपाकघराच्या दारात, हातात फडकं.

"आधी नाक, मग जीभ," नाकसाहेब म्हणाले. "तिन्हींचा वास घेतल्याशिवाय कोणी तोंड लावायचं नाही. व्याही, तुम्हीही या. शिका जरा."

"मला त्यातलं काय कळणार?" मी म्हणालो. हे पाठ करावं लागलं नव्हतं.

पहिला ग्लास. त्यांनी वास घेतला, छताकडे बघितलं आणि ग्लास माझ्याकडे दिला.

"मला आपलं पेन्सिल तासल्यासारखं वाटतंय," मी म्हणालो. "मागून लवंग. चूक असेल."

"बरोबर," नाकसाहेब म्हणाले. "लाकूड आणि लवंग. चांगल्या रायची खूण."

जावयाने माझ्याकडे बघितलं. यापूर्वी त्याने माझ्याकडे बघितलं नव्हतं असं नाही, पण ते प्रकृती कशी आहे हे विचारण्यापुरतं.

दुसरा ग्लास. "हा गोड वाटतो. फार पिकलेलं केळं. आणि, हसू नका, नखांना लावायचा रंग."

"बरोबर. माल कोवळा आहे, घाई झालीय. व्याही, तुम्हाला नाक आहे."

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"विचारलं नाहीस," मी म्हणालो आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं. लागोपाठ दोनदा 'बरोबर' ऐकायची मला सवय नव्हती. मी खुर्चीत जरा मागे रेलून बसलो. लोक दारू पिऊन जसे बसतात तसा. मी तर अजून थेंबही घेतला नव्हता.

तिसरा ग्लास नाकसाहेबांनी जास्त वेळ धरला. तो माझ्याकडे आला. मी वास घेतला.

चहा होता.

चहाची आठवण करून देणारं काहीतरी, असं नाही. चहा. पुन्हा वास घेतला, पुन्हा चहा. नाकाला झिणझिण्याही आल्या नाहीत. दुसरा कोणी असता तर 'हा चहा आहे' म्हणाला असता. पण मी कोश वाचला होता. जुन्या व्हिस्कीत कधी चहाच्या पानांची छटा येते, असं त्यात कुठेतरी होतं, आणि फार मुरली की तिखटपणा कमी होतो, हेही होतं. एकीकडे माझं नाक आणि दुसरीकडे छापलेला मजकूर, असा प्रश्न आला की मी मजकुराच्या बाजूने जातो. तोच माझा धंदा होता.

"चहासारखं काहीतरी वाटतंय," मी म्हणालो. "चूक असेल."

"बरोबर," नाकसाहेब गंभीरपणे म्हणाले. "अगदी हलकी छटा. पुष्कळ वर्षं लाकडात राहिली की हळूहळू उतरते. सगळ्यांना ती पकडता येत नाही."

"उतरणारच," विहीणबाई दारातून म्हणाल्या. "सकाळच्या किटलीतला आहे. गाळून, गार करून ठेवला."

मुलगी पायाखालच्या फरशीकडे बघत होती. ट्रे तिनेच आणला होता. जावयाने ग्लास उचलला, वास घेतला आणि परत ठेवला.

"आप्पा, हा चहा आहे."

"ते आता कळलं," नाकसाहेब म्हणाले.

"तुम्हाला चहा ओळखू आला नाही?"

"त्यांना हिवाळ्यापासून काहीच ओळखू येत नाही," विहीणबाई म्हणाल्या. फडकं खुर्चीच्या पाठीवर टाकून त्या टेबलाशी येऊन बसल्या.

"तुला कोणी सांगितलं?" नाकसाहेबांनी माझ्याकडे बघत विचारलं. मी जोरात मान हलवली.

"सांगायला कशाला हवं? लग्न झाल्यापासून एकदा तरी माझ्या चहाला नावं न ठेवता प्यायलात का? पाणी जास्त, पान कमी, उकळी चुकली, भांड्याला कांद्याचा वास. आणि तापातून उठल्यापासून रोज 'छान'. छान, छान, छान. परवा दूध करपलं, तेही छान. मला वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. सांगितलं कुणाला? व्याह्यांना."

"तुला कसं कळलं यांना सांगितलं ते?"

"तुम्ही एकटे गेलात त्यांच्याकडे. आल्यावर म्हणालात, व्याही फार बोलके आहेत."

यावर जावई हसला आणि मग खोकल्यासारखं केलं.

नाकसाहेब चादरीची सुरकुती नीट करत राहिले. मोठा माणूस खुर्चीत एकदम लहान दिसू लागतो, तसे ते दिसत होते. "अगं," ते म्हणाले, "तू मला रोज भाजीतलं मीठ विचारतेस. म्हटलं, कळलं तर विचारायचं बंद करशील."

"मीठ जिभेला कळतं," विहीणबाई म्हणाल्या. "नाकाचा काय संबंध?"

ते विचारात पडले. "हो," म्हणाले. "तेही खरं."

"मग? विचारणारच आहे मी."

नमुन्याची तिसरी बाटली फ्रिजवर झाकून ठेवली होती. जावई ती घेऊन आला आणि नवा ग्लास भरला. त्याने तो वडिलांपुढे नेला, मग थांबला. ग्लास दोघांच्या मध्ये तसाच राहिला.

"बाबा, तुम्ही सांगा," तो मला म्हणाला.

आता 'बरोबर' म्हणायला कोणी नव्हतं. मी वास घेतला. मग तिन्ही ग्लास पुन्हा हुंगले आणि नियमाप्रमाणे ओढले. खोकला आला नाही, पण डोळे भरून आले.

"तिसरीत लवंग आहे, पण शेवट कडू. औषधासारखा. दुसरी नको. पहिली घ्या. पेन्सिलीची." मी थांबलो. पुढचे दोन शब्द तोंडाशी आले होते. ते कसे अडवावेत हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी बोलून टाकले. "चूक असेल."

"बरोबर," नाकसाहेब म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"आप्पा, तुम्हाला काय कळलं?"

"मला काही कळलं नाही. पण हे गृहस्थ कोशात पेन्सिल नसताना पुन्हा पेन्सिल म्हणाले. हे काही साधं नाही. पहिलीच घे."

जावयाने पहिल्या नमुन्याची बाटली बाजूला काढून ठेवली. विहीणबाईंनी चहाचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"याचं राहिलं," त्या म्हणाल्या. "खरं सांगा."

मी नाकसाहेबांकडे बघितलं. त्यांनी 'सांगा' अशी मान हलवली. मी एक घोट घेतला. हे काम माझ्या सवयीचं होतं.

"जास्त उकळलाय," मी म्हणालो. "पान बरं आहे, पण किटलीत फार वेळ राहिलं. आणि भांड्याला कसलातरी वास आहे. कांद्याचा असावा."

विहीणबाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा. असं सांगायचं असतं."

"मी तर म्हणतच होतो," नाकसाहेब म्हणाले, "ते भांडं वेगळं ठेव."

"हिवाळ्यानंतर एकदाही नाही म्हणालात."

"आता म्हणतोय ना. व्याही, पुढच्या रविवारी मोकळे आहात का?"

मी मोकळा होतो. मी नेहमीच मोकळा असतो, पण विचार करून सांगतो असं म्हणालो.