शिवदास पळाला नव्हता

"तुमचा माणूस पळालाय," चंद्रप्रकाश म्हणाला आणि चहावरची साय चमच्यानं बाजूला केली. "कंपनीचा कॅम्प सोडून पळाला. उलट मलाच तिकडच्या लोकांची बोलणी खावी लागतायत. आता तुम्ही परत परत इथं येऊन काय होणार?"

अंधेरी स्टेशनच्या बाहेर, एका लॉजच्या वरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस होतं. तो कामगारांना परदेशी पाठवायचा. त्याच्यासमोर लता बसली होती आणि तिच्या शेजारी तिची सासू सुगंधाबाई. शिवदास हा लताचा नवरा, सुगंधाबाईंचा एकुलता एक मुलगा. मुलुंडच्या ज्या कारखान्यात तो वेल्डिंग करायचा त्याला टाळं लागलं, आणि चंद्रप्रकाशनं त्याला इराकला धाडलं. तेलाच्या टाक्या बांधणारी कुठलीशी कंपनी होती. ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट.

शिवदासला लिहायचा कंटाळा. गावी सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती तो कॅसेट पाठवायचा. कॅम्पातलं जेवण, डोळ्यांत जाणारी वाळू, लांबवर चाललेली लढाई असं सगळं त्यावर बोलायचा आणि शेवटी लेकीला हाक मारायचा, "सुलू, अभ्यास करतीस ना गं?" पावसाळा संपला आणि कॅसेट यायची बंद झाली. लतानं दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. मग ती चंद्रप्रकाशकडे खेटे घालू लागली. आधी तो म्हणाला, लढाईमुळे टपाल अडलंय. मग म्हणाला, चौकशी करतो. आणि आज म्हणाला, पळाला.

"लढाई चालू असलेल्या देशात माणूस पळून जाईल कुठं?" लतानं विचारलं. "त्याचा पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेतलाय, त्यानंच कॅसेटमध्ये सांगितलंय. भाषा येत नाही. कुठं जाईल?"

"आता कसं सांगू बाई तुम्हाला?" चंद्रप्रकाश सुगंधाबाईंकडे बघत हसला. "तरणाताठा माणूस. तिकडं पण बायका असतात."

लता उठली. खुर्ची मागे पडली ती तिनं उचलली नाही.

खाली दोघी बसस्टॉपवर उभ्या राहिल्या. बस दिसली तेव्हा सुगंधाबाई म्हणाल्या, "गेलाबी आसंल पळून. तुझ्या या तोंडापुढं कोण टिकंल?"

लताला वाटलं, म्हातारीला इथंच सोडून द्यावं आणि निघून जावं. तिनं सासूचा दंड धरला आणि तिला बसमध्ये चढवलं. दंड जरा जास्तच जोरात धरला.

त्या दिवसापासून चाळीत ती बातमी झाली. सुगंधाबाईंनीच नळावर कुणाला तरी सांगितली असावी. लता पाण्याला गेली की बायका बोलायच्या थांबत. एक जण तोंडावर म्हणाली, "माझ्या दिराच्या मित्रानं पण तिकडंच दुसरं लग्न केलं गं. मनाला लावून घेऊ नको." लतानं हंडा खाली ठेवला आणि तिला म्हणाली, "तुझा दीर, त्याचा मित्र, सगळे गेले खड्ड्यात. माझ्या नवऱ्याचं नाव काढायचं नाही." पण घरात येऊन दार लावलं की तिलाही वाटायचं, खरंच गेला असेल तर? मग तिला त्याचाच राग यायचा. पोरगी शाळेतून विचारत यायची, पप्पा कुठं हरवले. एकदा लतानं तिला मारलं. मारलं आणि मग स्वतःच बाहेर जाऊन ओट्यावर बसली.

ती मुलुंडला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती. सुट्टीच्या दिवशी ती शोध घ्यायची. पोलीस चौकीत गेली तर हवालदार म्हणाला, माणूस इराकात हरवला तर तक्रार इराकात करा. नगरसेवकाकडे गेली तर त्यानं सरकारला पत्र लिहायचं कबूल केलं आणि पुढच्या वेळी तिला ओळखलंच नाही. एका सरकारी ऑफिसात साहेबानं विचारलं, "नवऱ्याशी भांडण वगैरे झालं होतं का?" ती म्हणाली, "रोज व्हायचं. तुमच्याकडे होत नाही?"

कंपनीतल्या राधानं अखेर एक नाव आणलं. राधाचा मावसभाऊ दहिसरला राहायचा. त्याच्या शेजारचा एक भीमराज नावाचा फिटर दिवाळीच्या सुमारास इराकहून परत आला होता. त्याच टाक्या बांधणाऱ्या कंपनीतून.

लता रविवारी निघाली. "आत्या, येता का?" तिनं सासूला विचारलं.

"मला न्हाई ऐकायचं," सुगंधाबाई म्हणाल्या. "दुसरीचं नाव ऐकाया कशाला येऊ?"

दहिसरला नाक्याच्या अलीकडे बैठ्या चाळी होत्या. भीमराजनं दार उघडलं. तिशीतला माणूस, कानाजवळ भाजल्याचा डाग. लतानं जय भीम घातला आणि सांगितलं, मी मुलुंडच्या शिवदासची बायको.

त्यानं दाराची चौकट धरली. मागे बघून बायकोला म्हणाला, "पाणी आण." मग लताला म्हणाला, "बसा, वहिनी. कसं काय येणं केलंत?"

"शिवदास कुठं आहे ते विचारायला आले. एजंट म्हणतो पळाला."

भीमराज तिच्याकडे बघतच राहिला. "पळाला म्हणतो? तुम्हाला अजून सांगितलंच नाही त्यानं?"

आणि लताला कळलं. पुढचं त्यानं सांगितलं ते तिनं भिंतीकडे बघत ऐकलं.

जुन्या टाकीला आतून वेल्डिंगचा डाग द्यायचा होता. टाकी धुतली नव्हती, आत तेलाचा वास होता. शिवदासनं सकाळी सांगितलं, आत गॅस आहे, मी आत जाणार नाही. सुपरवायझर म्हणाला, जायचं नसेल तर सामान बांध, तिकिटाचे पैसे पगारातून कापू. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो बाहेर बसून राहिला. मग गेला. भीमराज बाहेर पाइप लावत होता. आवाज झाला तेव्हा तो लांब फेकला गेला. आत शिवदास आणि केरळचा एक जण होता.

"कॅम्पाच्या मागं पुरलं दोघांना," भीमराज म्हणाला. "दहन करू द्या म्हणून आम्ही लय सांगितलं. ऐकलं नाही. मी तिथं त्रिशरण म्हटलं, वहिनी. मला जेवढं येत होतं तेवढं म्हटलं."

"कधी?"

"पावसाळ्याच्या शेवटी."

"आणि तुम्ही दिवाळीत आलात." लताचा आवाज चढला. "दहिसर ते मुलुंड किती लांब आहे हो?"

"मी उतरल्याबरोबर चंद्रप्रकाशला सांगितलं. तो म्हणाला, मी स्वतः घरी जाऊन सांगतो, तू मध्ये पडू नकोस. तुझ्या भावाचं नाव माझ्याकडे आहे." भीमराजनं मान खाली घातली. "माझा धाकटा भाऊ, नंदू. त्याची वेल्डिंगची ट्रेड टेस्ट आहे पुढच्या रविवारी."

"अजून पाठवताय? त्याच माणसाकडून?"

"घरात दुसरं काय आहे, वहिनी?"

त्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या पुढे केला. लतानं तो घेतला नाही. "कुठं आहे ती टेस्ट?" एवढंच तिनं विचारलं.

घरी पोचली तेव्हा सुगंधाबाई तांदूळ निवडत होत्या. लतानं सगळं सांगितलं. टाकी, गॅस, कॅम्पामागची जागा. सुगंधाबाईंचा हात सुपातच राहिला.

"म्हंजी तो मेल्याला," त्या म्हणाल्या, "आन म्या त्याला शिव्या घालत हुते."

"आणि मला," लता म्हणाली.

सुगंधाबाई उठायला गेल्या. सूप कलंडलं. मग त्यांनी कपाळ भिंतीवर आपटायला सुरुवात केली तेव्हा लतानं मध्ये हात घातला. म्हातारीचं कपाळ तिच्या तळव्यावर आपटत राहिलं. लता रडली नाही. तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. तिकडं पण बायका असतात.

पुढच्या रविवारी मरोळला एका शेडच्या आवारात वेल्डिंगची टेस्ट होती. पोरांची रांग गेटच्या बाहेरपर्यंत आली होती. कुणी मुलुंडचे, कुणी भांडुपचे, कुणी थेट गावाहून आलेले. आत चार ठिकाणी ठिणग्या उडत होत्या. टेबलाशी कंपनीचा साहेब बसला होता, पोरांनी जोडलेल्या पट्ट्या हातोडीनं ठोकून बघत होता. चंद्रप्रकाश पांढऱ्या सफारीत त्याच्या मागे उभा.

लता सासूला घेऊन रांगेच्या बाजूनं आत शिरली. कुणी अडवलं नाही, कुणाच्या तरी आई-बायको असतील असं वाटलं असणार. ती सरळ भिंतीपाशी गेली आणि मेन स्विचचा खटका खाली ओढला.

ठिणग्या थांबल्या. पोरांनी ठिणग्या अडवायचे तोंडावरचे पत्रे वर केले.

"कोण आहे रे?" चंद्रप्रकाश ओरडला. मग त्यानं तिला ओळखलं. "तुम्ही? इथं काय करताय?"

"माझं नाव लता," ती रांगेकडे तोंड करून म्हणाली. "या माणसानं माझ्या नवऱ्याला इराकला पाठवलं. तुमच्यासारखाच वेल्डर होता. गॅस भरलेल्या टाकीत घातला आणि मारला. याला माहीत होतं. मला सांगत होता, पळाला. बाई ठेवली, म्हणे."

"वेडी आहे ती," चंद्रप्रकाश साहेबाकडे बघत हसला. "नवरा सोडून गेलाय, डोक्यावर परिणाम झालाय. ए, बाहेर काढा रे हिला."

त्याची दोन माणसं पुढे आली. एकानं लताचा हात धरला. सुगंधाबाई मध्ये पडल्या तर दुसऱ्यानं त्यांना ढकललं. म्हातारी लोखंडाच्या तुकड्यांवर पडली. रांग जराशी हलली, पण पुढे कुणी आलं नाही. मागून एक जण म्हणालासुद्धा, "मावशी, नंतर भांडा ना. आमचा नंबर जाईल."

लतानं रांगेत बघितलं. मधोमध भीमराज उभा होता, भावाच्या खांद्यावर हात ठेवून. त्यानंही तिला बघितलं होतं.

"भीमराज," ती ओरडली. "माझ्याकडे बघू नका. यांना सांगा."

"दादा, गप ऱ्हा," नंदू हळूच म्हणाला. "पुढचा नंबर माझा आहे."

भीमराजचा हात भावाच्या खांद्यावरून खाली आला. तो रांगेतून बाहेर पडला आणि आधी सुगंधाबाईंना उठवून बसवलं. मग तिथूनच, चंद्रप्रकाशकडे न बघता बोलला.

"मी तिथं होतो. शिवदास पळाला नव्हता. टाकी धुतली नाही म्हणून तो आत जायला तयार नव्हता. त्याला आत घातला. मी माझ्या हातानं त्याच्यावर माती टाकलीय. आणि हे मी या शेठला याच्याच ऑफिसात उभा राहून सांगितलंय. याच साहेबांची कंपनी आहे ती."

साहेब उठला. त्याला भाषा कळली नसेल, पण चेहरे कळले. तो गाडीकडे निघाला तसा चंद्रप्रकाश त्याच्या मागे धावला, आणि मग रांग फुटली. पुढची पोरं चंद्रप्रकाशवर धावून गेली. कुणी त्याची कॉलर धरली, कुणी टेबल उलटं केलं. त्यातच काही पोरं जागेवर उभी होती, हातात आपापला तोंडावरचा पत्रा धरून, हे सगळं संपलं की टेस्ट पुन्हा सुरू होईल म्हणून. आणि नंदू भावाच्या अंगावर ओरडत होता, "तू जाऊन आलास ना? तुझं झालं ना? माझी वाट लावलीस!"

पोलीस आले आणि लतालाही घेऊन गेले. चौकीत इन्स्पेक्टर म्हणाला, "बाई, कायदा हातात घेता?"

"मागं आमच्याकडच्या चौकीत गेले तेव्हा हवालदार म्हणाला, इराकात जा," लता म्हणाली. "तिथपर्यंत जाता आलं नाही. मरोळपर्यंत आले."

चंद्रप्रकाशचा सफारी खांद्यावर फाटला होता. इन्स्पेक्टरनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सांगणारच होतो साहेब. योग्य वेळ बघत होतो. घरच्यांना धक्का बसू नये म्हणून."

लता बाकावरून उठली. "धक्का? अरे, त्या महिन्यात तुला मुलुंडमधून आणखी पोरं पाठवायची होती. माझ्या घरात रडारड झाली असती तर दुसरं कुणी गेलं असतं का? म्हणून माझ्या नवऱ्याला तू बदमाश ठरवलंस. मेला तो मेला, वर त्याची बदनामी केलीस. माझ्या पोरीला शाळेत विचारतात, तुझ्या बापानं दुसरी आई आणली का!"

चंद्रप्रकाश इन्स्पेक्टरकडे बघत राहिला. तिच्याकडे त्यानं एकदाही बघितलं नाही.

तक्रार लिहून घेतली गेली कारण भीमराजनं जबानी दिली. काही महिन्यांनी दिल्लीहून कळलं की शिवदास मरण पावला हे खरं आहे, आणि त्या भागात लढाई असल्यामुळे मृतदेह आणता येणार नाही. मुलुंडच्या विहारात जलदान विधी झाला. चाळीतले सगळे आले. नळावरची ती बाईही आली. सुगंधाबाई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा लेक पळाला न्हवता. माझ्या सुनंला जे जे बोलले त्यांनी ऐका. म्याबी बोलले." मग खाली बसल्या. लतानं त्यांच्याकडे बघितलं नाही. तिच्या मनात अजून ते बसस्टॉपवरचं बोलणं होतं आणि ते इतक्यात जाणार नव्हतं.

भीमराज एकटाच आला होता. भाऊ त्याच्याशी बोलायचा बंद झाला होता. नंदू दुसऱ्या एजंटाकडून गेला, असं त्यानं सांगितलं.

चंद्रप्रकाशला जामीन मिळाला. केसला पुढच्या तारखा पडत राहिल्या. उन्हाळ्यात राधानं बातमी आणली की घाटकोपरला एक नवीन ऑफिस निघालंय. पाटी वेगळ्या नावाची, पण बसणारा माणूस तोच. सोमवारी मुलाखती आहेत.

लतानं कामावर रजा टाकली. सुगंधाबाईंनी विचारलं, "म्या येऊ?" लतानं चपला पायात सरकवल्या. मग म्हणाली, "चला."

ऑफिसच्या जिन्यावरून पोरांची रांग खाली फुटपाथवर आली होती. वरच्या दारात उभ्या असलेल्या चंद्रप्रकाशच्या माणसानं लताला पाहिलं आणि घाईघाईनं आत गेला. ती वर गेली नाही. रांगेच्या शेवटी जो उभा होता त्याच्यापाशी गेली. विशीतला असेल.

"काय काम येतं तुला?" तिनं विचारलं.

"वेल्डिंग," तो म्हणाला. "का?"

"ऐक," लता म्हणाली, आणि सांगायला लागली.