मर्यादेचं पीठ

नेमगोंडा बझारच्या दाराला एका मंगळवारी सकाळी शिडी लागली आणि दोन परकी माणसं पाटीची लांबी-रुंदी मोजून गेली. तेवढ्यावरून निपाणीनं ताडलं, की भुजबली अण्णांनी दुकानं विकली. दुपारपर्यंत बातमी चिकोडीला पोचली, संध्याकाळपर्यंत संकेश्वरला. अण्णांची दुकानं या तिन्ही गावांत होती, शिवाय बेळगावात तीन. वडिलांच्या नावानं उभारलेला बझार अण्णा हयात असताना विकतात म्हणजे काय, हे कुणाच्याच गळी उतरेना.

घेणारी कंपनी कुठली हे कुणाला धड माहीत नव्हतं, आणि माहीत नसलं की आमच्या गावाला बोलायला जास्त जोर येतो. मराठी बोलणाऱ्यांनी कंपनी बंगळूरची ठरवली, कन्नड बोलणाऱ्यांनी मुंबईची. नव्या पाटीवर कुठली अक्षरं मोठी येणार, यावर स्टँडसमोरच्या हॉटेलात दोन दिवस वाद रंगला. एकानं तर आता प्लास्टिकचा तांदूळ येणार असंही सांगून टाकलं. त्यानं तसला तांदूळ कधी बघितला नव्हता, पण त्याच्या मेव्हण्यानं मोबाइलवर बघितला होता.

सगळ्यांत जास्त संशय मात्र प्रेमलाआक्कांना आला होता. त्यांच्याकडे त्याला कारण होतं.

जैनांच्या घरात पिठाला मर्यादा असते. पावसाळ्यात दळल्यापासून तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. त्यापुढं त्यात जीव पडतात असं मानतात, म्हणून व्रत पाळणाऱ्याला ते चालत नाही. मुनिमहाराजांच्या आहारात तर नाहीच नाही. ते दिवसातून एकदाच घेतात, आणि तेही उभ्यानं, ओंजळीत. पूर्वी घरोघरी जाती होती. मग घरघंट्या आल्या. मग सुना नोकरीला लागल्या, रोज बेळगावला जाऊन-येऊन करायला लागल्या आणि घरघंटीवर फुलदाणी बसली. तेव्हा अण्णांनी निपाणीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत चक्की घातली, शुद्ध कपड्यात बसून गहू निवडणाऱ्या दोन बायका नेमल्या आणि त्यांच्यावर प्रेमलाआक्कांना ठेवलं.

त्याला बावीस वर्षं झाली. इथं दळलेलं पीठ सहाही दुकानांत जायचं. एकेक किलोच्या पाकिटावर दळल्याची तारीख असायची आणि खाली छापलेलं असायचं, 'प्रेमलाआक्कांच्या देखरेखीखाली'. मर्यादा संपत आलेलं पीठ बाकीच्या दुकानांतून परत यायचं आणि पांजरपोळात गुरांना जायचं, असं अण्णांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पाकीट उचलताना बायका तारखेकडे बघायच्याच नाहीत. त्या विचारायच्या, "आक्का, आजचंच हाय न्हवं?" आक्का म्हणायच्या, "व्हय, माझ्यासमोर दळलंय." या एका वाक्यावर गाव जेवत होतं. नवरा लवकर गेलेल्या, मूलबाळ नसलेल्या बाईला बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजेच्या वेळी पुढं बसायला जागा मिळत होती, तीही याच वाक्यावर. आक्कांना त्याचा अभिमान होता, थोडा जास्तच होता म्हणा ना.

आता कंपनी आली म्हणजे काय होणार हे त्यांना लख्ख दिसत होतं. पाकिटावरचं नाव तसंच राहणार आणि आत कुठल्यातरी कारखान्यातलं तीन महिन्यांचं पीठ येणार.

शिडीनंतर चौथ्या दिवशी कंपनीची सौम्या नावाची पोरगी आली. धारवाडची, तिशीच्या आत-बाहेरची, गळ्यात ओळखपत्र आणि हातात मोबाइलपेक्षा थोडं मोठं यंत्र. मराठी बरी बोलायची, पण जपून पाय टाकल्यासारखी, आणि मधेच आदराचं कन्नड 'री' लावायची. तिनं पिठाच्या मांडणीचे फोटो काढले. चार पाकिटं उचलून तारखा बघितल्या. चक्कीचं झाकण उघडायला लावलं. आक्का हाताची घडी घालून दारात उभ्या होत्या.

"उरलेल्याचं काय करता, आक्का?"

"गुरांना जातंय."

"आणि ही चक्की दिवसाला किती दळते री?"

आक्कांनी कान टवकारले. खरं म्हणजे चक्की म्हातारी झाली होती. नव्वद किलोच्या वर गेली की तापायची, मग चक्कीवर बसणारी नागुबाई तिला तासभर थंड करायची. पण नव्वद सांगितलं की ही पोरगी म्हणणार, एवढ्यासाठी खोली कशाला अडवायची? बंद करा.

"दोनशे," आक्का म्हणाल्या.

सौम्यानं यंत्रात बघितलं. "हां, इथून दुकानांना जाणारी पाकिटंपण तेवढीच आहेत. बरोबर येतंय."

ती गेल्यावर आक्का नागुबाईला म्हणाल्या, "बघितलंस? ह्यांच्यासंगं असंच वागाय पायजे." आपली थाप कंपनीच्या आकड्याला इतकी नेमकी कशी बसली, हे त्यांच्या मनातही आलं नाही. थाप पचल्याच्या आनंदात त्या चार दिवस होत्या.

दुकानं पुढच्या सोमवारपासून कंपनीकडे जाणार होती. बस्तीत आक्कांनी आपल्या परीनं काम सुरू केलं. उघड काही बोलायच्या नाहीत. नुसतं म्हणायच्या, "रविवारपतोर अण्णांचं हाय. सोमवारपासनं मी सांगू शकणार न्हाय, बाई." चातुर्मास चालू होता, महाराज गावात होते, आणि एवढं वाक्य पुरेसं होतं. रविवारी सकाळी आठ वाजता दुकान उघडलं तेव्हा दारात बायकांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. जे पीठ तीन दिवसांपलीकडं ठेवायचं नाही, ते पाच-पाच किलो न्यायला सगळ्या आल्या होत्या. का, तर म्हणे अण्णांचं शेवटचं पीठ.

दहा वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली. जनरेटरवर दुकानातले दिवे लागले, पण चक्की त्यावर चालत नव्हती. नागुबाईनं हात झटकले. सकाळपासून साठ किलो दळून झालं होतं.

"संपंल आता घटकाभरात," आक्का म्हणाल्या. "लाईट येईस्तवर थांबा म्हणून सांगते बाहेर."

पण अकरा वाजले, साडेअकरा वाजले, तरी पीठ संपेना. बायका पाच-पाच पाकिटं उचलत होत्या आणि मांडणी भरलेलीच होती. आक्कांना आधी बरं वाटलं. मग त्या मांडणीपाशी गेल्या आणि एक पाकीट हातात घेतलं. आजची तारीख. दुसरं घेतलं, त्यावरही आजची. चक्की मागं गप्प पडली होती आणि तिचं पीठ पुढं विकलं जात होतं. तेवढ्यात जिन्यावरून एक हमाल आणखी दोन क्रेट भरून खाली घेऊन आला.

आक्का जिना चढून वर गेल्या. बावीस वर्षांत वरच्या माळ्यावर जायचं त्यांना काही कारण पडलं नव्हतं.

भुजबली अण्णा खिडकीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. अंगात पांढरा सदरा, डोक्याला टोपी, मांडीवर फडकं. त्यांच्या एका बाजूला 'संकेश्वर' आणि 'चिकोडी' लिहिलेली पोती होती. त्यातलं एकेक पाकीट काढून ते थिनरच्या बोळ्यानं तारखेचं जुनं लेबल सोडवायचे, नवं चिकटवायचे आणि क्रेटमध्ये ठेवायचे. हात सराईत होता.

"अण्णा, हे काय चाललंय?"

अण्णा दचकले नाहीत. "बसा, आक्का."

"पांजरपोळाचं पीठ हाय न्हवं हे?"

"महापुराच्या साली यमगर्णीच्या पुलावर पाणी आलतं, आठवतंय? गव्हाची गाडी आठ दिवस पलीकडं अडकलेली. महाराज गावात, लोकं दारात. काय सांगणार? एकदा केलं. कुणाला काय झालं न्हाई. मग ऱ्हायलं चालू." त्यांनी पाकीट क्रेटमध्ये ठेवलं. "टाकायचं तरी किती, आक्का? अन्न हाय ते."

"आणि माझं नाव?"

"त्यावर तर खपलं. लोकं तारखा कुठं बघत्यात? तुमच्या तोंडाकडं बघत्यात."

महापुराच्या सालापासून किती चातुर्मास झाले, किती ओंजळींत हे पीठ गेलं, याचा हिशेब आक्कांना करवेना. महाराजांनी ज्यांच्या भरवशावर घास घेतला ती माणसं आक्कांच्या भरवशावर होती. त्यांना अण्णांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची किळस आली. या जिन्याच्या अठरा पायऱ्या त्यांनी एकदाही चढून बघितल्या नव्हत्या.

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक हाय," अण्णा म्हणाले. आवाजात खरोखरच आश्चर्य होतं. "त्या पोरीला तुम्हीच दोनशे सांगितलं की. मी म्हटलं, आक्कांनी सांभाळून घेतलं. तुम्ही नव्वद म्हणाला असता तर पाकिटांचा हिशेब लागला नसता, सौदा तिथंच मोडला असता. उपकार झाले तुमचे."

आक्का जिन्याकडे वळल्या.

"आजचा दिस काढा," अण्णा म्हणाले. "उद्यापासनं त्यांचं ते बघतील. जावा खाली, बायका खोळंबल्यात."

आक्का कठड्याला धरून खाली आल्या. रांगेत सगळ्यांत पुढं जयाबाई होत्या. मोठ्या घरच्या, बस्तीच्या कामात पुढं असणाऱ्या, बोलायला मोकळ्या. पाच पाकिटं त्यांनी छातीशी धरली होती.

"आक्का, उद्या महाराजांचा आहार आमच्यात हाय. तुम्ही आठाला या. दारात महाराजांना बोलवायला माझ्या शेजारी हुभं ऱ्हावा." आणि मग नेहमीच्या सवयीनं, "आजचंच हाय न्हवं हे?"

आक्कांच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं होतं. ते म्हटलं असतं तर काहीच झालं नसतं. दुकान गेलं असतं, कंपनी आली असती, आणि पुढं जे काय वाईट झालं असतं त्याचं खापर गावानं कंपनीवर फोडलं असतं. कुणी वरच्या माळ्यावर जाणार नव्हतं.

"न्हाय," आक्का म्हणाल्या. "हे आजचं न्हाय. संकेश्वरहून परत आलेलं हाय. घेऊ नका कुणी."

जयाबाईंनी पाकीट उलटसुलट केलं. "तारीख तर आजची हाय."

"लेबल बदललंय. वर पोती पडल्यात, जाऊन बघा. चक्की दहापासनं बंद हाय. तशी पण ती नव्वदच्या वर दळत न्हाय."

मालाची मोजदाद करायला आलेली सौम्या गल्ल्यापाशी उभी होती. ती पुढं आली. "नव्वद? आक्का, त्या दिवशी तुम्ही मला दोनशे म्हणालात ना?"

"खोटं सांगितलं हुतं."

जयाबाईंनी एकदा सौम्याकडे बघितलं, एकदा आक्कांकडे. "त्या दिवशी? म्हंजे तुमचं बोलणं झालंय व्हय ह्यांच्यासंगं?"

"चक्की बंद पाडतील म्हणून मी..."

"आठवडाभर बस्तीत सांगत हुता, अण्णांचं तेवढं घ्या म्हणून. आणि आज त्यांच्या शेवटच्या दिवशी त्यांचंच पीठ शिळं झालं?" जयाबाईंचा आवाज चढला. "मग उद्यापासनं कंपनीचं ताजं येणार असंल. नाव तुमचंच ऱ्हाणार असंल पाकिटावर?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आक्कांना पण घेतलं वाटतं कंपनीनं."

सौम्याचा चेहरा उतरला. यंत्र कोटाच्या खिशात घालून ती दोन पावलं मागं सरकली. कंपनीनं घेतलेल्या मालाबद्दल गिऱ्हाइकांसमोर बोलायची तिची तयारी दिसली नाही. तेवढ्यात अण्णा जिना उतरून आले. मधल्या पायरीवर थांबून त्यांनी सगळ्यांना हात जोडले. डोळे भरलेले होते, आणि तेही खोटे नसावेत. "आक्कांना बोलू नका कुणी," ते म्हणाले. "दमल्यात त्या. मलाबी आज सुधरंना झालंय."

बायका हळहळल्या. एका म्हातारीनं तर पदर डोळ्याला लावला. अशा वेळी त्या माणसाच्या माळ्यावर झडती घ्यायला कोण जाणार?

आक्कांनी जयाबाईंच्या हातातलं एक पाकीट ओढून घेतलं आणि नखानं लेबल खरवडलं. कोपरा सुटला, मग सगळंच निघून आलं. खाली काहीच नव्हतं. अण्णांनी थिनरनं काम चोख केलं होतं.

"वास तरी घ्या, थिनरचा वास येतोय," आक्का म्हणाल्या. "जयाबाई, महाराजांच्या ओंजळीत जायचं हाय हो हे. पाया पडते तुमच्या."

जयाबाईंनी वास घेतला नाही. उरलेली चार पाकिटं त्यांनी पिशवीत घातली, मांडणीवरून पाचवं नवं उचललं आणि दाराकडे वळल्या. आक्का दारात आडव्या आल्या आणि पिशवीला हात घातला.

"सोड," जयाबाई म्हणाल्या. आजवर त्यांनी आक्कांना कधी एकेरी हाक मारली नव्हती. "उद्या येऊ नको तू आमच्यात. आणि ह्याला शिवू नको. शुद्ध हाय ते."